बैल, चाकांसकट

रिसाली, भिलाई
३ जून

शुभंकर,

आशीर्वाद. तो रागात बी द्याच लागते, म्हणून पयलेच देऊन टाकला.

आता पत्र कावून, असं तू म्हणशीन. फोनवर तू मधातच बोलतं. मी एक वाक्य सुरू केलं का तुहं सुरू होते, "आई, मुद्द्यावर ये." पत्राले मधात तोडता येत नाही. तुह्या बाबाच्या टेबलावर बसून लिहून राहिली. स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात हजेरी लावून लावून त्यायले घरी बी ताठ बसून लिहाची सवय होती. मी आपली पाय वर घेऊन बसली आहे.

फोटो कशाचा काढाचा अन् कशाचा नाही, हा तुहा लांबलचक निरोप मोबाइलवर ऐकला. माणसाचा चेहरा नको, कारण आपल्या बैठकीत अनोळखी माणूस टक लावून पाहून राहिलेला लोकायले आवडत नाही. निळा रंग चालते. पाणी चालते, धुकं चालते. जुना दरवाजा चालते. म्हातारे हात चालतात, सुरकुत्या जास्त असन तं आणखी बरं. बस्तरचं काही असन तं सोन्याहून पिवळं. अन् भिलाईचं काहीच नको, कारण प्लांटच्या चिमण्या अन् क्वार्टरं कोणी विकत घेऊन भिंतीले लावत नाही. तू पुण्यात हाटेलायले अन् बिल्डरायले फ्रेमा विकतं, तुले बजार समजते, हे मी मानते. पण तू उंटावरून शेळ्या हाकून राहिला, हे बी तुले समजलं पायजे.

मी काही न करता बोलून राहिली नाही. मरोदा टँकवर पहाटे गेली. धुकं होतं, पाणी होतं, डोंगा बी होता. डोंग्यात एक माणूस बसून दात घासून राहिला होता. मी दात घासणाऱ्याचा फोटो काढला. तो तुले आवडला नाही.

मंग रुआबांध्यात निळा दरवाजा सापडला, रंगाचे पोपडे निघालेला, तुले पायजे तसाच. कॅमेरा लावला तं आतून बाई आली. म्हणे, "क्यों आंटी, नापने आए हो? तोड़ने वाले हो क्या घर?" तिले समजावता समजावता चहा झाला, अन् फोटो निघाला तो तिचाच, कमरेवर हात ठेवून दरवाज्यात उभी. तो बी तुले आवडला नाही.

कॅमेरा तूच देल्ला होता, बाबा गेल्यावर, मन रमव म्हणून. मन रमलं. आता ते कुठं रमावं हे बी तूच सांगणार का?

पण एक गोष्ट चांगली झाली, ते कबूल करते. प्रेमलाचा फोटो विकला गेला, जयपूरच्या हाटेलानं घेतला, असा तुहा फोन आला तेव्हा मी दुर्गहून पेढे आणले. सेक्टरच्या क्वार्टरात जे लोक आपल्या भिंतीले लागून राहत, त्यातली सारी पांगली, एक प्रेमला तेवढी जवळ राहिली. तिचे कवडूभाऊ गेल्यापासून ती रुआबांध्यात पोरीकडे, रेणूकडे असते. तिचा तो फोटो मले बी आवडते. व्हरांड्यात बसली आहे, मांडीवर तान्ह्या पोळ्याचा चाकाचा लाकडी बैल, मागं तेलाच्या डब्ब्यात लावलेली तुळस, अन् चेहरा असा का जशी आत्ताच कोणाले झापणार आहे. पेढा खाऊन ती म्हणे, "माह्यासारखीले हाटेलात कोण ठेवते वं?" अन् दिवसभर खुश होती.

त्याची एक मोठी प्रत छापून पाठवजो. तिच्या बैठकीत लावाची आहे. तिथं तरी तिचा चेहरा अनोळखी नाही.

तू म्हणतं ते घर विकाचं मी यंदा बी बोलणार नाही. तू बी लिहू नको.

तुही आई

रिसाली
११ जुलै

शुभंकर,

आशीर्वाद खाली लिहीन, तोवर राग उतरला तं.

पार्सल आलं. मी फोडलं नाही. तसंच ऑटोत टाकून प्रेमलाकडे नेलं, म्हटलं तिच्याच हातानं फोडू. रेणूनं शेजारच्या बाया बोलावल्या होत्या. प्रेमलानं फोटोतलंच हिरवं लुगडं नेसलं होतं, म्हणजे लोकायले पटलं पायजे का ही तीच बाई होय.

कागद निघाला, पुठ्ठा निघाला, अन् आतून दोन हात निघाले. चेहरा नाही. हिरवं लुगडं नाही, तुळस नाही, सारं काळं-पांढरं. दोन हात अन् एक बैल. मागच्या बाजूले कागद चिकटवला होता, इंग्रजीत. रेणूनं मोठ्यानं वाचला अन् वाचून झाल्यावर तिले पस्तावा झाला. "आदिवासी हात, बस्तर."

शेजारीण म्हणे, "ये किसके हाथ हैं?"

प्रेमला पवनीची पोरगी, हटवाराची सून. लग्न करून भिलाईत आली ते इथंच राहिली. बस्तर तिनं टीव्हीत बी धड पाह्यलं नाही. अन् बस्तरच्या लोकायले तरी तू विचारलं का, का बाबा हो, दुसऱ्याचे हात तुमच्या नावानं विकून राहिलो, चालन का? त्यायले हात नाहीत का? मले इतकी लाज वाटली का मी पदरानं चष्माच पुसत बसली.

प्रेमलानं फ्रेम मांडीवर घेतली. "हात माहेच होय," ती म्हणे. "ही पुरणाच्या कढईनं पोळलेली खूण." मंग हासली. "तोंड कापलं तं कापलं. या वयात तोंडाले कोण पाह्यते." ती हासली तसा माहा जीव भांड्यात पडला. बाया बी हासल्या. रेणू चहा टाकाले उठली.

अन् तेवढ्यात प्रेमलानं फ्रेम डोळ्याजवळ नेली. "तारा," ती म्हणे, "चाकं कुठं गेली?"

मी पाह्यलं. बैलाच्या पायाखालची पट्टी नाही, चारी बेरिंगा नाही. तू कंप्युटरवर बसून ते सारं खोडून टाकलं होतं. बैल असाच अधांतरी उभा, तिच्या मांडीच्या वर.

"कावून काढली?" ती मले विचारे, जसं काही मीच काढली. "तोंड देवानं देल्लं होतं. चाकं रेणूच्या बाबानं लावली होती." अन् फ्रेम पलंगावर पालथी ठेवून आत चालली गेली. चहा कोणी घेतला नाही. बाया आपापल्या घरी गेल्या.

तू विसरला असशीन म्हणून सांगते. लाकडाचा बैल नागपुरात बी भेटते, पोळ्याच्या बजारात रांगेनं मांडलेला असते. त्याची चाकं लाकडाची, दोन गल्ल्या ओढला का निघतात. कवडूभाऊ प्लांटात फिटर. ते स्कूटरच्या गॅरेजातून टाकून देल्लेल्या बेरिंगा आणत, घासलेटात धुवत, अन् सेक्टरच्या साऱ्या पोरायच्या बैलाले बसवून देत. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पोट्टे बैल ओढत दारोदार बोजाऱ्याचे पैसे मागाले निघाले, का डांबरी रस्त्यावर असा घरघराट होये, का रातपाळी करून झोपलेले लोक उठून बाहेर येत. बोजारा देता देता शिव्या बी देत. लोक म्हणत, भिलाईचे बैल फर्स्ट शिफ्टले चालले.

तो घरघराट तुले आवडे. तुह्या बैलाचं चाक निखळलं होतं तं तू रडत त्यायच्या घरी गेला होता, अन् ते जेवता जेवता उठले होते. प्रेमला अजून सांगते का ताटातलं वरण थंड झालं. ज्या माणसानं तुह्या बैलाले चाकं लावली, त्याच्याच बैलाची चाकं तू खोडली. हात थांबला नाही का रे तुहा? का आठवलं नाही? यातलं कोणतं जास्त वाईट, ते मले ठरवता येऊन नाही राहिलं.

राग उतरला नाही.

तारा वैरागडे

रिसाली
२ ऑगस्ट

शुभंकर,

आशीर्वाद. मागच्या पत्रातला राहिलेला बी याच्यातच धर.

तुहा फोन झाला. तू बोलला, मी ऐकलं, आता तू वाच.

तू म्हणे, चाकं लोखंडाची होती, नवी दिसत होती, अन् हात जुने दिसले पायजे होते. गिऱ्हाइकाले जुनं पायजे असते. बरं. प्रेमलाचे हात जुने नाहीत, म्हातारे आहेत. ती अजून त्याच हातानं मोबाइलवर रेणूच्या पोरीशी लुडो खेळते.

तू म्हणे, हाटेलाले आवडलं, त्यायले असेच आणखी पायजे. हात तेच, पण त्यात कधी टोपली, कधी मडकं, कधी मोहफुलं. तू हो बी म्हणून बसला. आता दिले नाही तं तुहं नाव खराब होईन, पुढचं काम बी हातचं जाईन. "आई, प्रेमलामावशीच्या हातात मोहफुलं दे, दोन मिनटाचं काम आहे." असं तू म्हणे.

मी देणार नाही.

पोराचं नाव खराब व्हावं असं कोणत्या आईले वाटते? मले बी नाही वाटत. तू तिथं एकटा उभा राहून धंदा केला, बाबाच्या ओळखीनं प्लांटात चिकटला नाही, याचा मले गर्व आहे, लोकायले मीच सांगत असते. पण तुहं नाव खराब होईन म्हणून तू इतका घाबरला. प्रेमलाचं नाव तं तू खराब बी नाही केलं, काढूनच टाकलं. हाटेलवाल्याले खरं सांग. हे हात प्रेमला कवडू हटवार हिचे आहेत, राहणार रुआबांधा, अन् बैलाले चाकं होती. घ्याचं तं घ्या, नाही तं राहू द्या. ताकाले जाऊन भांडं लपवाले मी तुले शिकवलं नव्हतं. कोणी शिकवलं?

याच्यासोबत ते चित्र परत पाठवून राहिली. फ्रेम रेणूनं काढून ठेवली, ती कामी येईन. चित्र नीट पाह्यजो. मी प्रेमलाकडे माफी मागाले गेली होती, तं ती म्हणे थांब. रेणूच्या पोरीचा काळा स्केच पेन घेतला, चष्मा लावला, अन् बैलाखाली पट्टी काढली, मंग एक एक करत चारी चाकं. एक जरा मोठं झालं. मी म्हटलं, "अवं, हे लंगडणार." ती म्हणे, "लंगडन, पण चालन." मंग पेनाचं टोपण लावलं अन् म्हणे, आता हे लाव म्हणा हाटेलात.

अन् खरा फोटो मी दुर्गच्या स्टुडिओतून छापून आणला, रंगीत, चेहऱ्यासकट, तुळशीसकट. तिच्या बैठकीत लावला. त्याच्या दुसऱ्याच दिवशी पलीकडची बाई आपल्या पोराचा बैल माळ्यावरून काढून घेऊन आली, म्हणे आमचा बी काढा. तिची जाऊ आली. सेक्टरमधली जुनी लोकं, जे आता रिसालीत, स्मृती नगरात घरं बांधून राहून राहिले, ते फोन करून राहिले. माळ्यामाळ्यावर बैल निघून राहिले, जुन्या चादरीत गुंडाळलेले.

स्मृती नगरच्या मंडळाचे आनंदराव मले म्हणे, "ताराबाई, तान्ह्या पोळ्याले हॉल देतो, प्रदर्शन लावा, पण मधात मैत्री बागेतल्या पांढऱ्या वाघाचा एक मोठा फोटो टाका. लोकायले वाघ आवडते." मी म्हटलं वाघाले माळ्यावर जागा नव्हती. त्यायले समजलं नाही. हॉल मात्र देल्ला.

तुले वाटत असन आई रागात करून राहिली. रागातच करून राहिली. राग काही वाईट नसते, त्याच्यावर बी सैपाक होते.

आई

रिसाली
१४ ऑगस्ट

शुभंकर,

आशीर्वाद. हे पत्र स्पीड पोस्टानं टाकून राहिली, कारण पुढच्या शनिवारी तान्हा पोळा आहे.

तुह्या वेबसाइटवरून ते हात निघाले, असं रेणू सांगत होती. तुले पटलं म्हणून काढले, का मी कोणाले सांगीन म्हणून घाबरून काढले, ते मले माहीत नाही. हाटेलाचं काय झालं ते बी तू कळवलं नाही. काम गेलं असन तं मले वाईट वाटन, हे खोटं नाही. पण तरी मी मोहफुलं देणार नव्हतीच.

आता माहा बजार ऐक. फोटो सारे तयार झाले. प्रत्येक फोटोत एक माणूस अन् त्याचा बैल. कवडूभाऊच्या चाकाचे किती निघाले म्हणून सांगू, प्रेमला एकेक बैल उलटा करून पाह्यते अन् हात फिरवून परत देते. एका छत्तीसगढी शेजारणीनं आपला मातीचा नांदिया बैल आणला. त्यायचा पोरा सण आपल्या तान्ह्या पोळ्याच्या एक दिवस आधी असते, हे तुले आठवत असन, ठेठरी खाले तूच पयले पळे. "हमरो फोटू खींच दे दाई," म्हणे. तिचा बी काढला. खाली तिचं नाव, तिच्या गावाचं नाव. आनंदराव तं तीनदा बसले, कारण पयल्या दोन्ही वेळा त्यायले आपल्या केसाचा रंग लालसर वाटला. वाघाचं आता ते नाव काढत नाहीत.

अन् ज्यायचे फोटो आहेत, त्या साऱ्यायले प्रती पायजे. आपल्याले एक, पोराले एक, नागपूरच्या बहिणीले एक. एकाचा पोरगा अमेरिकेत आहे, त्यानं म्हणे सर्वांत मोठ्या साइजची मागतली, अन् फोनवर बापाले विचारे, चाकं दिसतात ना? तू म्हणतं ओळखीचा चेहरा विकत नाही. इथं दुसरं काही विकूनच नाही राहिलं. मले आता कोणता विषय निवडाचा याची चिंता नाही. माणूस आपल्या पायानं येते, काखेत बैल घेऊन, अन् म्हणते मी इथं बसू का?

तुहा बैल बी काढला. माळ्यावर होता, बाबाच्या जुन्या घोंगडीत. लाल रंग पोटापाशी तेवढा राहिला. तिथंच खिळ्यानं कोरलेलं तुहं नाव आहे, शु मोठा अन् बाकी जागा पुरली नाही म्हणून बारीक. मी बेरिंगात तेल घातलं अन् अंगणातल्या फरशीवर ओढून पाह्यला. बाजूची बाई बाहेर आली, म्हणे काय पडलं? मी म्हटलं काही नाही, शुभंकरचा बैल. बोलली अन् जरा वेळ तिथंच पायरीवर बसून राहिली.

मंग व्हरांड्यातल्या बाकावर ठेवून फोटो काढला. बैल एका कडेले, बाकीचा बाक रिकामा. जागा मोजून ठेवली आहे, तू मावशीन तेवढी. आधीपेक्षा जाड झाला असशीन तं बैल जरा सरकवू.

शनिवारी सकाळी हॉल उघडते. शुक्रवारी उजेड असेपर्यंत तू आला, तं तो फोटो दुसऱ्यांदा काढीन, तुह्यासकट. घर विकाचं बोलाले येत असशीन तं येऊ नको. समजावाले येत असशीन तं बी नको. बैलापाशी बसाले येत असशीन तं ये, अन् येताना प्रेमलाच्या दारावरून ये. ती तुले झापणार आहे, ते ऐकून घेजो, मधात बोलू नको. त्याच्यानंतर ती जेवाले वाढन.

अन् नाही आला तं नाही आला. मी रडणार नाही, कोणाले काही सांगत बसणार नाही. फोटो आहे तसाच टांगीन, साऱ्यायच्या मधोमध, जिथं आनंदरावले वाघ पायजे होता. साऱ्यायच्या फोटोखाली नाव लिहिलं आहे, तसं तुह्या बी लिहीन, पुरं, शुभंकर देवराव वैरागडे. अन् त्याच्यापुढं लिहीन, ॲबसेंट.

तुह्या बाबानं टाइम ऑफिसात जनमभर कोणाले खोटं हजर लावलं नाही, साहेबाच्या पोराले बी नाही. मी बी लावणार नाही.

आई